पेणच्या मूर्ती कंटेनरने परदेशात पाठवल्या, त्या फॉरवर्डरचा रिव्ह्यू (एलसीएल आणि फुल कंटेनर, दोन्हीचा अनुभव)

पाचपैकी साडेतीन स्टार. फुल कंटेनरच्या कामाला मी साडेचार दिले असते आणि एलसीएलच्या, म्हणजे इतरांच्या मालाबरोबर एका डब्यात पाठवायच्या कामाला जेमतेम दोन, म्हणून असा मधला आकडा आला. फॉरवर्डरचं, म्हणजे बुकिंगपासून कागदपत्रांपर्यंत माल बाहेर पाठवायची सोय करून देणाऱ्याचं नाव टाकत नाहीये, नवी मुंबईतली मध्यम साइझची कंपनी आहे एवढं पुरे, कारण ज्या गोष्टीवरून मी वैतागलो ती या धंद्यात बऱ्याच जणांकडे चालते, एकट्यालाच झोडपून काय उपयोग, आणि ज्या गोष्टी चांगल्या वाटल्या त्या तुम्ही तुमच्या फॉरवर्डरकडून मागून घ्या.

आमचा गणपतीचा कारखाना आहे, पेण तालुक्यात. पेण, हमरापूर, जोहे, कळवे इकडून मूर्ती परदेशात जातात हे काय नवीन नाही, पण बहुतेक कारखान्यांची पद्धत अशी की एक्सपोर्टवाला व्यापारी येतो, माल बघतो, पैसे ठरवतो, टेम्पो लावतो आणि पुढे तो आणि त्याचं नशीब. डोक्याला ताप नाही पण तिकडे मूर्ती काय भावाने विकली जाते हे एकदा कळलं की झोप लागत नाही. आधी इंग्लंडच्या एका मंडळाने थेट विचारलं, त्यांचा माल २०२४ च्या गणपतीसाठी एलसीएलने पाठवला, आणि २०२५ ला अमेरिकेतल्या एका घाऊकवाल्याचा अख्खा कंटेनर गेला. दोन्ही वेळा फॉरवर्डर तोच.

सुरुवातीची कागदपत्रं. इथे त्यांच्या डॉक्युमेंटेशनच्या मॅडमना पूर्ण मार्क. आयईसी, म्हणजे एक्सपोर्टसाठी लागणारा कोड नंबर, काढायला काही लागत नाही, डीजीएफटी या सरकारी खात्याच्या साइटवर पाचशे रुपये फी, आणि नंबर म्हणजे आपला पॅनच. खरं लफडं एडी कोडचं, म्हणजे आपल्या बँकेच्या कोडचं असतं, बँकेकडून पत्र घ्यायचं आणि ते कस्टम्सच्या आइसगेट साइटवर ज्या बंदरातून माल जाणार त्या बंदराला जोडून घ्यायचं, न्हावा शेवाचा कोड आयएनएनएसए-वन. आमच्या शाखेत हे पत्र कोण देतं हेच कुणाला माहीत नव्हतं, मॅडमनी नमुना पाठवला, मुंबईच्या मोठ्या शाखेतल्या योग्य टेबलाचं नाव सांगितलं तेव्हा ते हललं. मग जीएसटीचं एलयूटी म्हणजे हमीपत्र, ते दर आर्थिक वर्षाला नवीन भरायचं, नाहीतर एक्सपोर्ट असूनही आधी टॅक्स भरा आणि मग रिफंडच्या मागे फिरा. शिपिंग बिल, म्हणजे एक्सपोर्टसाठी कस्टम्सकडे भरायचा कागद, भरायच्या आधी चेकलिस्ट म्हणून एक कच्ची प्रत आपल्याकडे पाठवतात, ती नीट वाचायची, एचएस कोड (मालाच्या प्रकाराचा), नग, वजन, कन्सायनीचा म्हणजे तिकडे माल घेणाऱ्याचा पत्ता सगळं, कारण एकदा बिल फाइल झालं की दुरुस्तीला अमेंडमेंट लागते आणि तेवढ्यात जहाज निघून जातं. मॅडम चेकलिस्ट पाठवून वर फोन करून विचारायच्या, वाचली का. असं कोण करतं हो आजकाल.

आता एलसीएल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कंटेनर भरेल एवढा माल नसेल तर आपला माल दुसऱ्यांच्या मालाबरोबर एका डब्यात घालतात, त्याला एलसीएल, आणि अख्खा डबा आपला असेल तर एफसीएल. एलसीएलचा दर सीबीएमवर, म्हणजे घनमीटरवर किंवा टनावर, दोन्हीत जे जास्त भरेल त्यावर. एक घनमीटर बरोबर एक टन असा हिशोब. आता गणपतीची मूर्ती म्हणजे आतून पोकळ, पीओपीची असेल तर अजून हलकी, आणि सोंड, कान, हात सांभाळायला चारी बाजूंनी फोम, त्यामुळे साठ बाय साठ बाय पंचाहत्तर सेंटिमीटरचे चार खोके झाले की सीबीएम ओलांडला, वजन मात्र शंभर किलोच्या आतच. म्हणजे आपण भाडं भरतो ते हवेचंच. यात फॉरवर्डरची काही चूक नाही, हिशोबच तसा आहे, पण मग खोक्याचा साइझ दोन-दोन बोटं कमी करण्यात जो पैसा वाचतो तो फॉरवर्डरशी घासाघीस करून वाचत नाही, हे कारखानदारांनी लक्षात घ्या. आम्ही खोकेवाल्याकडून तीन ठरावीक साइझ करून घेतले आणि मूर्तीचे साचे बघून कुठली मूर्ती कुठल्या खोक्यात ते ठरवून टाकलं.

एलसीएलला जेमतेम दोनच स्टार का, तर पहिलं म्हणजे दर सांगायच्या पद्धतीमुळे. सेल्सवाल्या मुलाने इंग्लंडच्या फेलिक्सस्टो बंदरापर्यंतचं फ्रेट, म्हणजे समुद्राचं भाडं, प्रति सीबीएम इतकं कमी सांगितलं की मला वाटलं चुकून कुठल्या तरी जवळच्या बंदराचं सांगितलं. कोटेशन एका ओळीचं. मी लेखी विचारलं की याशिवाय काय लागेल, तर उत्तर आलं ‘लोकल चार्जेस अ‍ॅट ॲक्च्युअल्स’. म्हणजे प्रत्यक्ष जे होतील ते. मग माल तिकडे उतरला आणि मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन आला की अहो तिकडच्या एजंटने बिल पाठवलंय, पोर्ट हँडलिंग, वेअरहाउस हँडलिंग, डॉक्युमेंट फी, डिलिव्हरी ऑर्डर फी, आणि बरंचसं परत प्रति सीबीएम, ही एकूण रक्कम आम्ही भरलेल्या फ्रेटच्या कितीतरी पट. वर तिथला वीस टक्के इम्पोर्ट व्हॅट वेगळा, पण तो सरकारचा, त्याला इलाज नाही आणि ते त्यांना आधीच माहीत होतं.

नंतर दुसऱ्या एका कन्सॉलिडेटरच्या, म्हणजे अनेकांचा माल जमवून एका डब्यात भरणाऱ्या कंपनीच्या माणसाकडून कळलं की हा खेळच असा असतो. एलसीएलच्या फ्रेटमध्ये इतकी मारामारी आहे की काही रूटवर फ्रेट शून्य किंवा त्याच्याही खाली लावतात, वर इकडच्या फॉरवर्डरला प्रति सीबीएम काहीतरी परत देतात, आणि सगळं वसूल होतं ते पलीकडच्या बंदरात, ज्याच्या नावावर माल आहे त्याच्याकडून. कन्सायनी बिचारा करणार काय, बिल भरल्याशिवाय डिलिव्हरी ऑर्डर, म्हणजे माल सोडवायचा कागदच मिळत नाही. आणि आमच्यासारख्याने सीआयएफमध्ये सौदा केला असेल तर कागदावर सगळं बरोबरच असतं, कारण सीआयएफमध्ये आपण फ्रेट आणि इन्शुरन्स भरतो पण तिकडचे चार्जेस बहुतेक घेणाऱ्याच्याच गळ्यात पडतात. म्हणजे कायदेशीर कुणीच चुकलं नाही, फक्त मंडळाचं बजेट बोंबललं आणि पेणवाल्याने स्वस्त सांगून फसवलं असं वाटायची वेळ माझ्यावर आली. म्हणून माझं स्पष्ट मत, एलसीएलचा दर विचारताना फ्रेटचा आकडा ऐकूच नका, पलीकडच्या एजंटच्या लेटरहेडवर तिकडच्या चार्जेसची शीट मागा, माल निघायच्या आधी मागा, आणि ती शीट कन्सायनीला पाठवून त्याची लेखी हो घ्या. शीट देत नसेल तर उठा. या फॉरवर्डरने भांडल्यावर दिली. आधी दिली असती तर हा परिच्छेद लिहावाच लागला नसता.

दुसरं म्हणजे तुटफूट. कंटेनर या गोष्टीचा मूळ फायदा काय, तर माल एकदा आत गेला, सील लागलं की मधे कुणाचा हात लागत नाही. १९५६ मध्ये माल्कम मॅकलीन नावाच्या अमेरिकन ट्रकवाल्याने आयडियल एक्स नावाच्या जहाजावर ५८ डबे चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला नेले तेव्हा डोक्यात हाच हिशोब होता, की गोदीत एकेक पोतं, एकेक पेटी हमालाने उचलण्यातच सगळा वेळ, पैसा आणि माल जातो, तर डबाच उचला. एलसीएलमध्ये हा फायदा निम्मा जातो. आपल्या टेम्पोतून सीएफएसच्या, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनर यार्डच्या गोडाउनमध्ये हमाल उतरवणार, तिथे इतरांच्या मालाची वाट बघत पडून राहणार, मग डब्यात चढणार, तिकडे परत गोडाउनला खाली होणार, परत टेम्पो. प्रत्येक वेळी वेगळी माणसं, त्यातल्या एकालाही आत गणपती आहे याच्याशी देणंघेणं नाही. खोक्यांवर बाण, ग्लासचं चित्र, ‘वर माल ठेवू नये’ चे स्टिकर सगळं होतं, फॉरवर्डरने बुकिंगमध्ये नॉन-स्टॅकेबल लिहिलंही होतं, तरी तिकडून जे फोटो आले त्यात आमच्या खोक्यांवर कुठल्या तरी मशीनच्या पार्टच्या पेट्या. काही मूर्तींचे कान गेले, एकाची सोंड. मोठ्या मूर्तीला काही झालं नाही ते फक्त ती प्लायवूडच्या क्रेटमध्ये होती म्हणून.

लाकडावरून आठवलं, इथे त्यांनी वेळेवर सावध केलं ते सांगायलाच हवं. क्रेट किंवा पॅलेट साध्या लाकडाचं असेल तर त्याला आयएसपीएम-१५ चा शिक्का लागतो, म्हणजे लाकूड आतपर्यंत ५६ डिग्रीला सलग ३० मिनिटं तापवलेलं, आणि त्यावर गव्हाच्या ओंबीसारखं चिन्ह, आयएन (भारत) आणि एचटी (तापवलेलं). किडे जाऊ नयेत म्हणून. प्लायवूडला लागत नाही कारण ते बनतानाच उष्णतेत आणि दाबाखाली बनतं. गल्लीतल्या सुताराने पट्ट्या ठोकून क्रेट केला तर माल पलीकडे अडकू शकतो, परतही येऊ शकतो. आणि पेंढा! पेणमध्ये पिढ्यानपिढ्या मूर्ती भाताच्या पेंढ्यात बसवून पाठवतात, मुंबई-पुण्याला तोच बेस्ट, पण परदेशी मालात पेंढा अजिबात नको हे त्यांच्या ऑपरेशनवाल्याने पहिल्याच भेटीत सांगितलं, ऑस्ट्रेलियाला तर पेंढ्याचं पॅकिंग चालतच नाही. त्यामुळे फोम, बबल रॅप, कागदाच्या पट्ट्या. आमच्या जुन्या कारागिरांना हे पटायला वेळ लागला, ते म्हणत होते की पेंढ्यासारखं काही नाही, आणि खरंय ते, पण कस्टम्सला कोण सांगणार.

आता एफसीएल, जिथे या लोकांचं खरं काम दिसलं. अमेरिकेचा माल मोठा होता, न्यू जर्सीतल्या एडिसनकडच्या किराणा दुकानांना देणारा घाऊकवाला, घरगुती मूर्ती भरपूर आणि दोन-तीन मंडळांच्या मोठ्या. मी वीस फुटी म्हणत होतो. त्यांच्या ऑपरेशनवाल्याने, याला आपण दादा म्हणू कारण तिकडे सगळे तेच म्हणतात, खोक्यांची लिस्ट बघून सांगितलं की वीस फुटीत कागदावर ३३ सीबीएम असतात पण तुमच्या खोक्यांचा साइझ बघता प्रत्यक्षात २६-२७ बसतील, चाळीस फुटी हायक्यूबमध्ये, म्हणजे जास्त उंचीच्या डब्यात, ७६ असतात, आणि चाळीसचं भाडं विसाच्या दुप्पट नसतं, हलक्या मालाला चाळीसच घ्यायचा. मग त्याने टेप काढली आणि मोठ्या मूर्तीची उंची मोजली. ही गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती. साध्या कंटेनरचं दार जवळपास २.२८ मीटर उंच असतं, म्हणजे साडेसात फूट, त्यामुळे आठ फुटी मूर्ती त्यात शिरतच नाही. हायक्यूबचं दार २.५८ मीटरच्या आसपास, साडेआठ फुटाला थोडं कमी, तिथे आठ फुटी मूर्ती पाटासकट जेमतेम जाते, पण मग क्रेटचा तळ आणि फोर्कलिफ्टचे काटे घालायची जागा धरायची. त्याने सांगितल्यावर आम्ही प्रभावळ वेगळी सुटी केली आणि मुकुटाचा तुरा तिकडे बसवायचा असा केला. मंडळांनी मोठ्या मूर्तीची ऑर्डर देताना दाराचं माप आधी सांगावं, आणि कारखानदारांनी तर साचा उचलायच्या आधी विचारावं.

चाळीस फुटी ट्रेलर आमच्या गल्लीत येणं शक्यच नाही, वळणच बसत नाही. शिवाय स्वतःच्या जागेवर भरून सील करायचं तर कस्टम्सची सेल्फ सीलिंगची परवानगी आणि आरएफआयडीवालं ई-सील हे सगळं आलं. म्हणून डॉक स्टफिंग केलं, म्हणजे माल टेम्पोने बंदराजवळच्या सीएफएसला न्यायचा, तिथे कस्टम्सचं होऊन लेट एक्सपोर्ट ऑर्डर, म्हणजे माल पाठवायची त्यांची परवानगी, मिळाली की तिथेच कंटेनर भरायचा. द्रोणागिरी, चिरनेर, जासई त्या पट्ट्यात ही सीएफएस पसरलीत, पेणहून अंतर काहीच नाही, ट्रॅफिक मात्र करळ फाट्याच्या बाजूला असं की ट्रेलरच्या रांगेत आपला टेम्पो म्हणजे मुंगी. दादांनी आमच्या दोन पोरांचे गेट पास काढून दिले, स्टफिंगच्या वेळी आत उभं राहता आलं, यालाच मी साडेचार स्टार देतोय. हमाल तिथलेच, पण आपला माणूस समोर असला की खोकं आदळत नाही.

रिकामा कंटेनर आला तेव्हा दादांनी पहिलं काम काय केलं तर स्वतः आत गेले आणि दोन्ही दारं बाहेरून बंद करायला लावली. आत अंधारात उभं राहून वर बघायचं, छताला कुठे भोक असेल तर उजेडाची तार दिसते. दिसली. कंटेनर परत पाठवला, दुसरा मागवला, त्यात अर्धा दिवस गेला आणि शिपिंग लाइनवाल्यांशी (जहाज कंपनीशी) बाचाबाची झाली ती त्यांनी केली, आम्हाला फक्त थांबायला सांगितलं. आणि हे कधी, तर २०२५ च्या मेच्या शेवटी, ज्या वर्षी मुंबईत मान्सून २६ मेलाच येऊन बसला, पंच्याहत्तर वर्षांत एवढा लवकर आला नव्हता म्हणे. तो पहिला डबा भरला असता तर शाडूच्या मूर्तींचं काय झालं असतं ते सांगायची गरज नाही. पीओपीची कोर्टकचेरी चालू होती म्हणून त्या वर्षी शाडूचं प्रमाण आम्ही वाढवलेलं होतं, आणि शाडू म्हणजे न भाजलेली माती, ओल लागली की संपलं.

भोक नसलं तरी आत पाणी होतंच, हेही तिथेच शिकायला मिळालं. दमट हवेत डबा बंद केला, मग जहाज थंड पाण्याकडे गेलं की आतल्या हवेतलं बाष्प छताला थेंब होऊन लागतं आणि मालावर ठिबकतं. त्याला कंटेनर रेन म्हणतात. त्यासाठी कॅल्शियम क्लोराइडच्या लांब पिशव्या भिंतीच्या खाचांत टांगतात, त्या ओल शोषून घेतात आणि तळाला पाणी साठवतात, वरच्या खोक्यांवर क्राफ्ट पेपर अंथरतात. पिशव्यांचा खर्च एका मूर्तीच्या किमतीएवढाही नाही. पॅलेट ओलं नसावं हेही त्यातच आलं, ओलं लाकूड म्हणजे आपणच आत पाणी घालून सील लावल्यासारखं.

भरण्याची पद्धत पण बघण्यासारखी. जड खाली, हलकं वर हे सगळ्यांनाच कळतं, पण वजन पुढून मागे आणि डावी-उजवीकडे सारखं यायला हवं, मधे फट राहिली तर तिथे हवेच्या पिशव्या फुगवून बसवायच्या, कारण जहाज महिनाभर डुलत असतं आणि सुटं खोकं पहिल्या वादळातच शेजाऱ्यावर जातं. मोठ्या मूर्ती भिंतीतल्या कड्यांना पट्ट्यांनी आवळल्या. सगळ्यात शेवटी दाराजवळ आडवे बार, नाहीतर तिकडे दार उघडणाऱ्याच्या अंगावर खोकी. कंटेनर वजनाने अर्धाही भरला नव्हता, जागेने मात्र गच्च. मग व्हीजीएम, म्हणजे भरलेल्या कंटेनरचं पक्कं वजन, १ जुलै २०१६ पासून जगभर सक्तीचं आहे, ते जाहीर केल्याशिवाय कंटेनर जहाजावर चढत नाही. एकतर भरलेला डबा काट्यावर घ्यायचा नाहीतर मालाचं, पॅकिंगचं आणि रिकाम्या डब्याचं वजन जोडायचं, रिकाम्याचं दारावरच लिहिलेलं असतं. बोल्ट सील लावलं, सीलचा आणि डब्याच्या नंबरचा फोटो लगेच ग्रुपवर. हा नंबर जपून ठेवा, चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी चौकटीतला एक आकडा, कारण फॉरवर्डरच्या हाउस बीएलचा (बिल ऑफ लेडिंग, म्हणजे त्याने दिलेली मालाची पावती) नंबर शिपिंग लाइनच्या साइटवर चालत नाही, कंटेनरचा चालतो. जहाज कुठे आहे हे मग फॉरवर्डरला फोन करकरून विचारावं लागत नाही.

फोनवरून एक तक्रार, सेल्सवाला मुलगा बुकिंग होईपर्यंत दिवसातून तीनदा फोन करतो, नंतर गायब.

गणपतीवाल्यांची वेगळीच अडचण म्हणजे तारीख. २०२४ ला चतुर्थी ७ सप्टेंबरला होती आणि २०२५ ला २७ ऑगस्टला, म्हणजे दहा-अकरा दिवस अलीकडे, आणि शिपिंग लाइनला तिथीशी काही घेणंदेणं नाही. शिवाय २०२३ च्या नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले व्हायला लागल्यावर बऱ्याच लाइन्स सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जायला लागल्या, त्यात दहा ते चौदा दिवस वाढतात. त्यात आमचा कंटेनर रोल झाला, म्हणजे ठरलेल्या जहाजावर जागा नाही, पुढच्या आठवड्याचं जहाज. हे या धंद्यात होतंच, पण इथे मला आवडलं ते असं की त्याच संध्याकाळी मॅडमचा मेसेज आला, नवीन जहाजाचं नाव, नवीन कटऑफ म्हणजे डबा बंदरात पोचवायची शेवटची वेळ, आणि तिकडे पोचायची अंदाजे तारीख, काहीही न विचारता. बाकीच्या कारखानदारांकडून ऐकलंय की रोल झालेलं चार-चार दिवस कळतच नाही. आम्ही आधीच एक महिना हातात धरून चाललो होतो म्हणून निभावलं. ज्यांचं रंगकाम आणि डोळ्यांची आखणी जूनपर्यंत चालते त्यांनी समुद्राच्या नादाला लागूच नये, विमानाचं भाडं भरा नाहीतर ऑर्डर घेऊ नका.

तारखेवरून अमेरिकेचं ते टॅरिफ, म्हणजे तिकडचा आयात कर. आमचा माल जुलैत उतरला, तेव्हा जास्तीचं दहा टक्के चालू होतं. ७ ऑगस्टपासून भारताच्या मालावर ते पंचवीस झालं आणि पुढचे पंचवीस लागू झाले ते नेमके २७ ऑगस्टला, म्हणजे गणपती घरात बसले त्याच दिवशी. घाऊकवाल्याने फोनवर सांगितलं, बाप्पांनी वाचवलं. मी म्हटलं बाप्पांनी पण आणि दादांनी पण.

इन्शुरन्सबद्दल थोडं. त्याच आठवड्यात, २५ मे २०२५ ला, केरळच्या किनाऱ्याजवळ एमएससी एल्सा ३ नावाचं जहाज ६४० कंटेनरसकट बुडालं, टीव्हीवर किनाऱ्याला लागलेले डबे दिसत होते आणि आमच्या घरात सगळे माझ्याकडे बघत होते. पॉलिसी आधीच काढलेली होती. लोकांना वाटतं जहाज बुडालं तरच इन्शुरन्स, पण जनरल अ‍ॅव्हरेज नावाचा जुना नियम आहे, जहाज आणि माल वाचवायला जो खर्च येतो तो ज्यांचा माल वाचला त्यांच्यातही वाटला जातो. २०२१ च्या मार्चमध्ये सुएझमध्ये एव्हर गिव्हन अडकलं तेव्हा हेच झालं, माल धड असूनही मालकांना आधी हमी द्यावी लागली. इन्शुरन्स असेल तर ती कंपनी देते, नसेल तर आपण. फक्त मूर्तीवाल्यांनी एक गोष्ट तपासायची, क्लॉज ए म्हणजे सगळं कव्हर असं एजंट सांगतो पण ठिसूळ मालाला तुटफुटीची अट वेगळी टाकलेली असू शकते, ती ओळ शोधायची. सीआयएफमध्ये तर कमीत कमी क्लॉज सी दिला तरी नियमात बसतं आणि क्लॉज सी मध्ये साधा फुटलेला कान येत नाही. या फॉरवर्डरने ऑफर केलेली पॉलिसी मी घेतली नाही, बाहेरून घेतली, कारण त्यांच्या मुलाला ही ओळ दाखवता येईना.

शेवटी बीएल. ओरिजिनल तीन प्रती कुरियरने पाठवा, त्या हरवल्या तर माल तिकडे पडून आणि डिटेन्शन, म्हणजे डबा अडकवून ठेवल्याचा दंड चालू, असला प्रकार टाळायला आम्ही पूर्ण पैसे आल्यावर टेलेक्स रिलीज दिलं, म्हणजे ओरिजिनल इकडेच परत करायच्या आणि तिकडे निरोप जातो की माल सोडा. पैसे बाकी असतील तर मात्र चुकूनही सरेंडर करू नका, मालावरचा तुमचा हात तेवढाच. रिलीजला त्यांनी एक दिवसही लावला नाही, मेसेज केला आणि संध्याकाळी कॉपी हजर.

बिलाचं म्हणाल तर एफसीएलचं कोटेशन त्यांनी या वेळी सुटं करून दिलं, फ्रेट वेगळं, इकडचं टर्मिनल हँडलिंग, बीएल फी, सील, सीएफएसचं भाडं, हमाली, एजन्सी, ट्रेलर, आणि खाली तिकडचे अंदाजे चार्जेस डॉलरमध्ये. आदल्या वर्षी भांडल्याचा परिणाम असावा. फायनल बिलात एकच जास्तीची ओळ आली, त्या भोकाच्या डब्यामुळे थांबलेल्या ट्रेलरचं वेटिंग, आणि ते लाइनकडून वसूल करून देतो म्हणून मला सांगितलंय. क्रेडिट नोट अजून आलेली नाही, आली की इथे लिहितो आणि अर्धा स्टार वाढवतो.